२० टेबलांच्या ऑफिसचं नेटवर्क केबलिंग, ठाणे: पॉइंट किती, केबल कोणती, तपासायचं कसं?

वहीखातं:
नमस्कार मंडळी. आमच्या सीए फर्मसाठी ठाण्यात २,१०० चौरस फुटांची जागा घेतली आहे. २० टेबलं, ३ केबिन, १ मीटिंग रूम, २ प्रिंटर, ४ कॅमेरे, १ हजेरीचं मशीन आणि छताला २ वायफाय अ‍ॅक्सेस पॉइंट एवढं सगळं लागेल. फॉल्स सिलिंगचा सांगाडा उभा आहे, शीट्स लागायच्या आहेत. फर्निचर यायचं आहे. रॅकपासून (सगळ्या केबली येऊन मिळतील ते कपाट) सगळ्यात जवळचं टेबल ८ मीटरवर आणि सगळ्यात लांबचं ३४ मीटरवर आहे. हे अंतर केबल जाईल त्या मार्गाने, चढ-उतार धरून मोजलं आहे.

इलेक्ट्रिशियन म्हणतो, टेबलाला एक वायर पुरे, आणि ती तो पॉवरच्याच पाइपातून नेईल. दुसऱ्या एकाने सगळीकडे कॅट ६ए (कॅट ६ च्या वरच्या प्रतीची डेटा केबल) धरून कोटेशन दिलंय, ते बजेटबाहेर आहे. पॉइंट किती धरू, केबल कोणती घेऊ, बॉक्स किती मागवू? आणि काम नीट झालं हे आमच्यासारख्या बिगरतांत्रिक माणसांनी ओळखायचं कसं?

पॅच_पॅनेल:
ताई, आधी पॉइंट मोजा (रॅकपासून जाणारी एकेक केबल म्हणजे एक पॉइंट), बाकी सगळं त्यावरून ठरतं. टेबलाला २ धरा. एक कॉम्प्युटरला, दुसरा फोनला, आणि पुढेमागे त्याच टेबलावर दुसरा माणूस बसला तर त्याला. नंतर एक वायर वाढवायची तर सिलिंग उघडावं लागतं, आत्ता दोन्ही एकाच खेचण्यात जातात. टेबलांचे ४०, केबिनचे ६, मीटिंग रूमचे ४ (२ टेबलाखाली, २ टीव्हीमागे), प्रिंटर २, कॅमेरे ४, हजेरी १, वायफाय २. एकूण ५९. २४ पोर्टचे ३ पॅच पॅनेल (रॅकमध्ये केबलींची टोकं बसतात ती पट्टी) लावले की ७२ होतात, १३ शिल्लक.

केबलचा हिशोब असा. जवळचं आणि लांबचं अंतर मिळून ४२, त्याचं निम्मं २१ मीटर. त्यात १० टक्के वाढवा, २३ झाले. रॅकमध्ये ठेवायचा ३ मीटरचा लूप धरून २६. एका बॉक्समध्ये ३०५ मीटर केबल असते. ३०५ भागिले २६ म्हणजे ११.७. इथे १२ धरायचं नाही, ११ च धरा, कारण तळाशी उरलेल्या १९ मीटरच्या तुकड्यात सरासरी लांबीचा पॉइंट बसत नाही आणि मध्ये जोड मारायचा नसतो. ५९ पॉइंटना ६ बॉक्स. नुसती एकूण लांबी काढून ३०५ ने भागणारे इथेच चुकतात. तुमच्या बाबतीत १,५३४ ला ३०५ ने भागलं की ५ च्या किंचित वर येतं, मग पाचच मागवले जातात आणि शेवटच्या दिवशी काम अडतं.

तांब्याचीतार:
सगळीकडे कॅट ६ए ची गरज नाही. कॅट ६ वर १ गिगाबिट पूर्ण १०० मीटर चालतं. १० गिगाबिटही ३७ मीटरपर्यंत सहसा अडत नाही, शेजारच्या केबलींचा त्रास कमी असेल तर ५५ पर्यंत जातं. तुमचं सगळ्यात लांबचं अंतर ३४ आहे. कॅट ६ए जाड असते, वळवायला ताठ असते आणि पाइपात कमी मावते. फार तर वायफायच्या दोन पॉइंटना वापरा.

१०० मीटरची मर्यादा टोकापासून टोकापर्यंतची असते: भिंतीतली पक्की केबल ९० मीटर आणि दोन्ही बाजूच्या पॅच कॉर्ड (जोडायच्या सुट्या वायरी) मिळून १०.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची केबल कॅट ६ म्हणून मिळते. ती कुठल्याच मानकात बसत नाही. पंच करताना, म्हणजे जॅकमध्ये दाबून बसवताना, तार तुटते, रोध जास्त असल्याने केबलमधून कॅमेऱ्यापर्यंत वीज कमी पोचते आणि केबलींचा गठ्ठा तापतो. ओळखायची रीत:

एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी दिसली तर बॉक्स परत.

वजन करा. २३ गेजच्या (गेज म्हणजे तारेची जाडी, आकडा लहान तितकी तार जाड) आठ तारांत नुसतं तांबंच साडेपाच किलोच्या आसपास भरतं. अख्खा बॉक्सच सहा-सात किलोंचा असेल तर शंका घ्या.

गुंडाळीचं आतलं टोक हाताशी येत असेल तर तिथे एका जोडीच्या (आठ तारा दोन-दोन पिळून चार जोड्या असतात) दोन्ही तारा पिळून एकत्र करा आणि बाहेरच्या टोकाला मल्टिमीटर लावा. पूर्ण ३०५ मीटरच्या बॉक्सला २३ गेजचं तांबं ४२ ओहमच्या आसपास दाखवतं, २४ गेजचं ५२-५३. आकडा ६० च्या वर गेला की तो माल घेऊ नका.

कोटेशनमध्ये "कॅट ६ केबल" एवढंच लिहिलेलं चालवून घेऊ नका. "शुद्ध तांबं, २३ गेज, यूटीपी" असं लिहून घ्या. यूटीपी म्हणजे धातूचं आवरण नसलेली. साध्या ऑफिसला शिल्डेड, म्हणजे तसं आवरण असलेली, केबल नको. तिचं अर्थिंग नीट झालं नाही तर फायदा राहत नाही, उलट त्रास वाढतो.

झिरी_कंड्युट:
इलेक्ट्रिशियनला ठाम नाही म्हणा. २३० व्होल्टची तार आणि डेटा केबल एका पाइपात कधीच नाही. पॉवरच्या तारेचं आवरण कुठे सोललं तर वीज थेट कॉम्प्युटरच्या पोर्टात उतरते. हा नुसत्या स्पीडचा प्रश्न नाही, जिवाचा आहे. समांतर जाताना दोन्हींत किमान ३०० मिलिमीटर अंतर ठेवायला सांगा. ओलांडावंच लागलं तर काटकोनात.

पाइप किती जाडीचा हेही आत्ताच ठरवा. २५ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपात कॅट ६ च्या ४, फार तर ५ केबली. ३२ च्या पाइपात ८. त्याहून जास्त कोंबल्या की ओढताना जोर लागतो, आणि ११ किलोच्या वरची ओढ पडली की जोड्यांचा पीळ ताणला जातो. बाहेरून काहीच दिसत नाही, टेस्टला फेल होतं. वळणाला एल्बो वापरू नका, लांब बेंड घ्या. केबलच्या जाडीच्या चौपटीपेक्षा कमी त्रिज्येचं वळण नको, म्हणजे साधारण २५ मिलिमीटर.

सिलिंगमध्ये मुख्य मार्गाला जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) ट्रे घाला. ट्रे नसेल तिथे दर सव्वा-दीड मीटरला हूक. सिलिंगच्या शीटवर केबल नुसती टाकायची नाही. एसीवाला वर चढला की आधी तीच तुडवतो. प्लास्टिकचे टाय करकचून आवळू देऊ नका, वेल्क्रो वापरा.

फर्निचरवाल्याला आजच फोन करा. टेबलांच्या रेसवेमध्ये (वायरी जातात ती पन्हळ) पॉवर आणि डेटाचे कप्पे वेगळे हवेत, आणि आयओ बॉक्सची (जॅक बसतात तो खोका) कापणी त्याच्या कारखान्यात होऊन यायला हवी. जागेवर जिगसॉने कापलेल्या भोकात फेसप्लेट कधीच सरळ बसत नाही. कामाचा क्रम: सिलिंग बंद होण्याआधी केबली ओढायच्या, टोकं पिशवीत बांधून ठेवायची, आणि जॅक रंगकाम संपल्यावरच लावायचे. पीओपीची धूळ जॅकच्या पिनांवर बसली की कनेक्शन अधूनमधून तुटतं आणि कारण महिनोन्‌महिने सापडत नाही.

वहीखातं:
खूप आभार. पाइप वेगळे करून घेते. इलेक्ट्रिशियनचं आणखी एक म्हणणं: जॅक आणि पॅच पॅनेल हा फालतू खर्च, दोन्ही टोकांना आरजे ४५ (नेटवर्कचा प्लग) क्रिम्प करून सरळ नेटवर्क स्विचला (सगळ्या केबली एकमेकींना जोडणारं यंत्र) लावू. त्याच्याकडे आठ लाइट लागणारा टेस्टर आहे, तो पुरेल का?

पॅच_पॅनेल:
दोन्हीला नाही. भिंतीतली केबल भरीव तारेची असते. रोजच्या हलवण्याने भरीव तार प्लगच्या तोंडाशी तुटते. हलणारा भाग पॅच कॉर्डचा असला पाहिजे, तिच्या तारा अनेक पदरी असतात. कॉर्ड बिघडली तर बदलता येते, भिंतीतली केबल नाही. छताचे कॅमेरे सोडले तर प्रत्येक टोकाला कीस्टोन जॅक, रॅकमध्ये पॅच पॅनेल. कॉर्ड तयार विकत घ्या: टेबलाकडे २ मीटर, रॅकमध्ये अर्धा किंवा १ मीटर.

जॅक पंच करताना जोडीचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही. दोन्ही टोकांना एकच रंगक्रम. आपल्याकडे बहुतेक जण ५६८बी लावतात: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

या क्रमात निळी जोडी ४-५ वर आणि हिरवी जोडी ३-६ वर येते. तिथेच गोम आहे. कुणी दोन्ही टोकांना केशरी, हिरवा, निळा, तपकिरी अशा जोड्या ओळीने लावल्या तर आठ लाइटचा टेस्टर सगळं बरोबर दाखवतो, कारण १ ला १ आणि ८ ला ८ जोडलेलं असतं. पण ३ आणि ६ वेगवेगळ्या पिळांतून जातात आणि सिग्नल एकमेकांत मिसळतात. लाइट लागतात, इंटरनेटही चालतं, पण मोठी फाइल उघडताना अडकतं. टॅलीचा डेटा सर्व्हरवर असेल तर हा त्रास रोजचा.

तांब्याचीतार:
म्हणून फ्लूकसारख्या सर्टिफायरने (केबलीचा दर्जा मोजणारा मीटर) प्रत्येक पॉइंटची टेस्ट हवी, "कॅट ६ पर्मनंट लिंक" (पॅच कॉर्ड सोडून पक्की केबल) या मर्यादेवर. मीटर भाड्याने मिळतो. ५९ च्या ५९ पॉइंटचा रिपोर्ट घ्या, नमुन्याचे दहा नकोत. पीडीएफसोबत मीटरमधली मूळ फाइलही मागा. रिपोर्ट वाचताना: नेक्स्ट (एका जोडीचा सिग्नल दुसरीत मिसळणं) फेल असेल तर बहुधा पीळ जास्त उलगडला आहे, जॅक पुन्हा पंच करा. रिटर्न लॉस (सिग्नल उलटा परतणं) फेल असेल तर केबल कुठेतरी मुरगळली आहे किंवा ओल शिरली आहे, बहुतेक वेळा ती बदलावीच लागते. चार जोड्यांची लांबी थोडी वेगवेगळी दिसेल. प्रत्येक जोडीचा पीळ वेगळा असतो, त्याची काळजी नको.

वापर सुरू झाल्यावर एखादं टेबल गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटवर अडकलं तर आधी कॉर्ड बदलून बघा. तरी तसंच असेल तर जॅकमधल्या ४, ५, ७ किंवा ८ नंबरच्या तारेचा संपर्क सुटला आहे. १०० ला १, २, ३, ६ एवढ्या चारच तारा लागतात.

रॅकवाला_ठाणे:
रॅकबद्दल कुणी लिहिलं नाही. ३ पॅनेल, २ स्विच, ३ केबल मॅनेजर, राउटरचा शेल्फ, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, पॉवर स्ट्रिप मिळून १२यू च्या आसपास भरतं (यू हे रॅकच्या उंचीचं माप). १५यू घ्या, ६०० मिलिमीटर खोलीचा. जिप्समच्या पार्टिशनवर टांगू नका, विटांच्या भिंतीला अँकर फास्टनरने लावा. एसीच्या युनिटखाली किंवा त्याच्या ड्रेन पाइपखाली नको. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवरही नको. लाकडी कपाटात बंद केलात तर गरमीने स्विच मरतात. रॅकला स्वतंत्र अर्थिंगची वायर हवी.

पीओई स्विच (डेटा केबलीतूनच वीज देणारा) घेताना पोर्टांपेक्षा एकूण वॅट बघा. वायफाय २५ वॅटचे २, कॅमेरे १२ चे ४, म्हणजे ९८. टेबलांवर आयपी फोन येणार असतील तर ७ वॅटचे २० म्हणजे आणखी १४०. त्या परिस्थितीत ३७० वॅटचा स्विच घ्या.

वहीखातं:
लेबलं कशी लावू? आणि पैसे कोणत्या टप्प्याने द्यावेत?

झिरी_कंड्युट:
पॅनेलचं अक्षर आणि पोर्टचा नंबर: अ-०७, ब-१९. तोच नंबर फेसप्लेटवर, पॅनेलवर आणि केबलच्या दोन्ही टोकांना, टोकापासून ३०० मिलिमीटरवर. पेनने लिहिलेलं पुसतं, छापील लेबल किंवा फेरूल (केबलवर चढणारी नंबराची नळी) लावा. प्लॅनच्या प्रिंटवर हेच नंबर घालून एक प्रत रॅकच्या दारात आतून चिकटवा. पैशांचं म्हणाल तर माल जागेवर आल्यावर आणि बॉक्स तपासून झाल्यावर एक भाग, केबली ओढून झाल्यावर दुसरा. सिलिंग बंद करण्याआधी सगळ्या मार्गाचे फोटो काढून घ्या. शेवटचे २५ टक्के ५९ पॉइंटचा रिपोर्ट हातात पडल्यावर, ही अट वर्क ऑर्डरमध्येच घाला.