मदत हवी आहे : मधुमेही पायांसाठी चपला करायला रीतसर कुठे शिकता येईल? (म्हापसा, गोवा)

नमस्कार मंडळी,

म्हापशात आमचं चपला करण्याचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, आता बहुतेक काम मी बघतो. कातडं कापणं, फर्म्यावर चढवणं, टाके घालणं यात अडचण नाही. पण हल्ली डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मधुमेहाचे रुग्ण येऊ लागलेत, आणि चिठ्ठीवर एवढंच असतं : 'एमसीआर चप्पल'.

एमसीआर म्हणजे ते मऊ, बारीक छिद्रांचं रबर. त्याचा आतला थर, खाली कडक रबराचा तळ. खिळा एकही नाही, सगळं सोल्युशन (चिकटवायचा गोंद) आणि टाक्यांवर. अंगठ्याची चप्पल नको, मागून पट्टा हवा, कारण संवेदना गेलेल्या पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही. इथपर्यंत मला जमतं. अडतं ते पुढे.

पेडण्याच्या एक मावशी आल्या. उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी भरून आलेल्या जखमेचा वण, शेजारी जाड घट्टा, बोटं आत वळलेली. बुटात खडा गेला होता आणि त्या दिवसभर त्यावर चालल्या, असं मुलाने सांगितलं. मोज्याला रक्त लागलेलं बघून घरच्यांना कळलं. अशा पायाला नुसता मऊ तळ पुरेल का? मला वाटतं, नाही. वणावरचा भार दुसरीकडे न्यायला हवा. त्यासाठी घट्ट्याच्या मागे आडवी पट्टी लावतात असं मी ऐकलंय, पण नेमकी कुठे आणि किती उंच? मी माप घेऊन ठेवलंय, पण अजून रबराच्या शीटला रापी (कापायची सुरी) लावलेली नाही. अंदाजाने केलं आणि जखम परत उघडली तर त्यांचा पाय जाईल.

आपल्याकडे घरात अनवाणी, देवळात अनवाणी, चवथीला तर दिवसभर अनवाणी. दुपारी देवळाच्या आवारातली फरशी केवढी तापते! पाऊस लागला की चार महिने चपला ओल्या. बाजारात 'डायबेटिक' असा शिक्का मारून अंगठ्याच्याच मऊ चपला विकतात आणि लोक विश्वासाने घेतात. मला हे काम नीट शिकून करायचंय.

हे शिकवतात कुठे? माझं शिक्षण दहावीपर्यंत झालंय. असं काम करायला कसली नोंदणी लागते का? आणि गोव्यात हे काम करणारं कोणी असेल तर त्यांच्या हाताखाली उभं राहायची माझी तयारी आहे.

प्रतिसाद १

मी ऑर्थोटिस्ट (हातापायांना आधार देणारी साधनं बसवणारा) आहे, बेळगावात काम करतो. दादा, तुम्ही रापी लावली नाहीत हे फार चांगलं केलंत.

आधी नोंदणीचं. परदेशात काही ठिकाणी फक्त पादत्राणं बसवणाऱ्यांचा वेगळा व्यवसाय आहे. आपल्याकडे ते काम प्रोस्थेटिस्ट-ऑर्थोटिस्टकडे, म्हणजे कृत्रिम अवयव आणि आधाराची साधनं बसवणाऱ्यांकडे येतं. त्याची पदवी बारावी सायन्सनंतर साडेचार वर्षांची, मुंबईत हाजी अलीच्या सरकारी पुनर्वसन संस्थेत ती करता येते. १९९२च्या पुनर्वसन परिषद कायद्याखाली नोंदणी असल्याशिवाय ऑर्थोटिस्ट म्हणून काम करता येत नाही. म्हणजे पाय तपासून काय द्यायचं ते आम्ही ठरवायचं आणि लिहून द्यायचं. पण लिहून दिलेली चप्पल करायला तुमच्यासारखाच हात लागतो, आणि असे हात फार कमी आहेत. तामिळनाडूत वेल्लोरजवळ करिगिरीला कुष्ठरोगाची जुनी संस्था आहे. बधिर पायांच्या पादत्राणांचं काम तिथे वर्षानुवर्षं चाललंय. कारागिरांसाठी सध्या काय शिकवतात ते पत्र टाकून विचारा. आपल्या देशातलं हे ज्ञान मुख्यतः कुष्ठरुग्णांच्या सेवेतूनच आलंय. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की पाय रोगाने सडत नाही, वेदना कळत नाही म्हणून एकाच जागी रोजचा दाब पडत राहतो आणि तिथे जखम होते. मधुमेहात संवेदना गेल्यावर तेच घडतं.

आता मावशींचं. ती आडवी पट्टी बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांच्या टोकांच्या मागे, टाचेच्या बाजूला बसली पाहिजे. थोडी पुढे सरकली तर नको तिथेच भार वाढवेल. आम्ही वणावर लिपस्टिक लावून इनसोलवर (चपलेच्या आतल्या थरावर) पाय ठेवायला लावतो, उमटलेल्या खुणेवरून जागा ठरते. पण वळलेली बोटं आणि जुनी जखम दोन्ही असताना सपाट शीट पुरत नाही. फोममध्ये किंवा प्लास्टरमध्ये ठसा घेऊन तळव्याच्या आकाराचा इनसोल करावा लागतो, बोटांवर उंची जास्त ठेवावी लागते, आणि बऱ्याचदा पुढून वर वळलेला कडक तळ द्यावा लागतो. त्याआधी १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (तळव्याला टेकवायच्या नायलॉनच्या तंतूने) संवेदना आणि पायाची नाडी तपासायला हवी. त्यांना आधी बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात दाखवू द्या.

माप संध्याकाळी, उभं करून घ्या. आतली लांबी पायापेक्षा १ ते २ सेंटीमीटर जास्त. नवी चप्पल पहिल्या दिवसांत तासा-दोन तासांपुरतीच, आणि काढली की तळवा बघायचा. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर चप्पल दुरुस्तीला परत. उघडी जखम असेल तर चप्पल करायचीच नाही. आणि पाय लाल, गरम, सुजलेला असून दुखत नसेल तर माप न घेता त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवा, आतली हाडं मोडत असू शकतात.

प्रतिसाद २

माझ्या आईचं एक बोट असंच गेलं. आम्ही डिचोलीचे. घरात घालायची वेगळी चप्पल करून द्या भाऊ, बाहेरची कोणी घरात घालत नाही, मग माणूस अनवाणीच फिरतो. देवळात जाताना आता ती जाड मोजे घालते. आणि चप्पल घालण्याआधी आत हात फिरवून बघायला प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मावशींच्या मुलाशी फोनवर बोललो, बांबोळीला नेतो म्हणाला. तिथून लिहून मिळालं की दादा, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. करिगिरीला पत्र आज लिहितोय. ताई, घरातल्या चपलेचं लक्षात ठेवलं. एक विचारायचं राहिलं : पावसाळ्यात एमसीआरचा थर सोल्युशनपासून सुटतो. बाजूने टाके वाढवले तर आतून ते टोचणार तर नाहीत ना?