शेजारच्या प्लॉटवर महापालिकेचं नागरी वन: आपल्या सूचना

सचिव: नमस्कार. आपल्या मागच्या २० गुंठे ॲमेनिटी स्पेसवर (सार्वजनिक सोयींसाठी सोडलेल्या जागेवर) महापालिका नागरी वन करणार आहे. उद्यान विभागाने सोसायट्यांकडून सूचना मागवल्यात, शुक्रवारपर्यंत द्यायच्या आहेत. मुद्दे इथेच टाका. गुड मॉर्निंगचे फोटो दोन दिवस थांबवा ही विनंती 🙏

बी-३०२: पार्किंग करा म्हणावं. जंगल आलं की साप आणि डास आलेच.

ए-६०१: काका, डास झाडांमुळे होत नाहीत. राडारोड्याच्या खड्ड्यात, टायरमध्ये, करवंट्यांत पाणी साचतं, तिथे होतात. तो प्लॉट आज तसाच आहे. साप उंदरांमागे येतात आणि उंदीर कचऱ्यामागे. कुंपणाबाहेर कचरा टाकणं बंद होईल का, हा खरा प्रश्न.

डी-५०५: आधी कागद बघा. मिळकत पत्रिकेवर नाव कोणाचं आणि विकास आराखड्यात आरक्षण कशाचं? शाळेचं किंवा रस्त्याचं आरक्षण असेल तर दहा वर्षांनी तीच झाडं तोडायला वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज जाईल. १९७५ चा झाडं जतनाचा कायदा आहे, पण आरक्षण त्याने बदलत नाही.

ए-१०३: मियावाकी करणार म्हणे, म्हणजे जपानी पद्धतीने खूप जवळजवळ रोपं लावून केलेलं जंगल. मुंबईत २०२० पासून बऱ्याच ठिकाणी केलीत ना? लवकर दाट होतात असं ऐकलंय.

ए-६०१: होतात ताई, पण पाण्याचा हिशोब बघा. २० गुंठे म्हणजे साधारण २००० चौ.मी. वाट, कडा, जाळरेषा (आग पसरू नये म्हणून साफ ठेवलेला पट्टा) सोडून लावायला १४०० उरतात. मियावाकीत चौरस मीटरला ३ रोपं धरली तर ४२००. पहिल्या उन्हाळ्यात चौ.मी.ला ५ लिटर धरलं तर रोज ७००० लिटर, म्हणजे आठवड्याला दहा हजारी टँकर पाच. तेवढ्याच जागेत ३ मीटर अंतरावर लावलं तर १५५ झाडं. आठवड्यातून दोनदा १५ लिटर दिलं तरी अर्धा टँकर पुरतो.

शिवाय पुण्याचं मूळ रान पानगळीचं आणि विरळ, मधे गवत असलेलं. इथे सगळीकडे घनदाट करण्याचा अट्टहास कशाला? माझं मत: रस्त्याच्या कडेला ३ गुंठे दाट पट्टा, धुळीसाठी. बाकी मोकळं रान.

सी-२०४: पाणी आपल्याकडेच आहे. १२० फ्लॅट, घरटी ४ माणसं, माणशी १३५ लिटर वापर धरला तर त्यातलं ८० टक्के, म्हणजे रोज साधारण ५२,००० लिटर एसटीपीत (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटमध्ये) येतं. फ्लशला माणशी ४५ प्रमाणे २१,६०० परत जातं. कागदावर ३०,००० उरतं. रिकामे फ्लॅट वजा करून निम्मं धरा, तरी ए-६०१ च्या मिश्र आराखड्याला रोजचे दोन हजार सहज निघतात.
दोन गोष्टी मात्र हव्यात. ठिबकच्या आधी सँड फिल्टर आणि डिस्क फिल्टर, नाहीतर महिन्याभरात ड्रिपर बुजतात. आणि क्लोरीनचा डोस दिल्या दिल्या ते पाणी रोपांना सोडायचं नाही.

बी-३०२: पाइप रस्त्याखालून न्यायला खोदाईची परवानगी कोण आणणार?

सी-२०४: क्षेत्रीय कार्यालय देतं काका. म्हणून पत्रातच घालू: पाणी सोसायटी देईल, पाइप आणि परवानगी महापालिकेची.

ए-१०३: झाडं कोणती सांगायची? परत गुलमोहर नि रेन ट्री नकोत.

ए-६०१: करंज, वावळा, बहावा, शिवण, कुसुम, बेहडा, मेढशिंगी. पाणी मुरतं त्या खालच्या कोपऱ्यात अर्जुन. खालच्या थराला अडुळसा, निर्गुडी, करवंद, धायटी, मुरुडशेंग. हा थर सगळे विसरतात आणि मग नुसते खांब उभे दिसतात. काटेसावर, पांगारा वाटेपासून लांब, फांद्या ठिसूळ असतात. वड-पिंपळ-उंबर मिळून तीनच, भिंत आणि ड्रेनेजपासून १० मीटरवर.

आता जमीन. वर मुरूम दिसतो, खाली भराव आहे. तीन ठिकाणी मीटरभर खोदून बघायला सांगा. खड्ड्यात पाणी भरून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी तसंच असेल तर खाली कातळ किंवा चिकण थर आहे, तिथे मुळं कुजणार. खड्डा २ फूट बाय २ बाय २. पोयटा, दोन घमेली *कुजलेलं* शेणखत, थोडी निंबोळी पेंड. कच्चं शेण टाकलं की हुमणी आणि वाळवी ठरलेली.

डी-५०५: ठेकेदार पिशवीसकट लावतात ते पण लिहा.

ए-६०१: हो! पिशवी ब्लेडने उभी कापायची, तळाशी गुंडाळलेली मुळं छाटायची. नाहीतर झाड चार वर्षं बरं दिसतं आणि वादळात मुळासकट आडवं होतं. बांबूला काथ्याने इंग्रजी आठसारखी सैल गाठ. नायलॉनची सुतळी सालीत रुतते.

सचिव: १५ ऑगस्टला मान्यवरांच्या हस्ते लावणी ठेवतील बहुतेक 😄

ए-६०१: मान्यवरांनी पाच लावावीत. बाकीची जूनअखेर, जमीन वीतभर ओली झाली की. ऑगस्टमध्ये लावलेल्या रोपाला पावसाचे दीड-दोन महिनेच मिळतात, मुळं खोल जात नाहीत.

डी-५०५: निविदेतली अट सगळ्यात महत्त्वाची. लावणीला ४० टक्के बिल, उरलेलं तीन वर्षांत. दर जूनमध्ये जिवंत झाडं मोजून पैसे, मेलेल्यांच्या जागी नांग्या भरणं ठेकेदाराच्या खर्चाने. 'रोपे पुरवठा व लावणी' एवढंच असेल तर मार्चनंतर तिथे कोणी फिरकणार नाही.

बी-३०२: आग? दर उन्हाळ्यात त्या गवताला कोणीतरी काडी लावतं.

ए-६०१: बरोबर काका, हे राहिलं होतं. कुंपणालगत ३ मीटर जाळरेषा, जानेवारीअखेर साफ. पालापाचोळा जाळायचा नाही, आळ्यात चार बोटं आच्छादन, खोडाला न टेकवता.

सचिव: मसुदा तयार करतोय. बुधवारी सिक्युरिटी केबिनमध्ये सहीला ठेवतो.

बी-३०२: माझी सही घ्या. जाळरेषेचा मुद्दा पहिल्या पानावर हवा.