मदत हवी आहे: मुलं खोडरबरानं निरीक्षणं बदलतात

नमस्कार. अकरा-बारा वर्षांच्या दहा मुलांना घेऊन मी आठवड्यातून एकदा विज्ञानाचे प्रयोग करते. मुलं हौसेनं येतात, साहित्यही साधंच लागतं. अडचण वेगळी आहे.

गेल्या वेळी लंबक केला. ४ सेंमी व्यासाचा मातीचा गोळा, वर दोरा, हातात स्टॉपवॉच. एकच आंदोलन मोजलं तर बटण दाबण्यातच चूक होते, म्हणून वीस मोजायची आणि भागायचं, हे त्यांना लगेच पटलं. दोरा होता २५ सेंमी. तिन्ही गटांना वीस आंदोलनांना २०.८, २०.९, २०.८ सेकंद लागले. मला फार आनंद झाला, इतके जवळचे आकडे! तेवढ्यात एकीनं वाचलेलं सांगितलं, की २५ सेंमीच्या लंबकाचा दोलनकाल १ सेकंद असतो. दोन मिनिटांत तिन्ही वह्यांत २०.० झालं.

त्याआधी मेणबत्तीच्या प्रयोगातही हेच झालं होतं. पाण्यात उभ्या मेणबत्तीवर ग्लास पालथा घातला, पाणी वर चढलं. सगळ्यांनी लिहिलं, "ऑक्सिजन संपला, म्हणून पाणी एक पंचमांश चढलं." ग्लासांमधली उंची मात्र वेगवेगळी होती. एक मुलगा जाताना हळूच म्हणाला, "पाणी ज्योत विझल्यावर चढलं ना?" त्यानं अगदी बरोबर पाहिलं होतं, पण वहीत लिहिलं नव्हतं. हे मला फार लागलं.

रागावून उपयोग नाही, ती खोटेपणा करत नाहीत. आपलंच चुकलं असणार, असं त्यांना मनापासून वाटतं. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा म्हणून काय करू? आणि ते २०.८ आले तरी कुठून?

प्रतिसाद १

आधी शेवटचा प्रश्न. दोरा कुठून कुठपर्यंत मोजला? गाठीपर्यंत मोजला असेल तर लंबकाची खरी लांबी २७ सेंमी आहे, कारण ती गोळ्याच्या मध्यापर्यंत धरतात. २७ सेंमीला वीस आंदोलनं २०.८ ते २०.९ सेकंदांतच होतात. मुलांनी उत्तम मोजलंय, आणि खोडलेला आकडाच खरा होता!

हे त्यांना सांगू नका मात्र. त्याच गोळ्याला १ मीटर दोरा लावून पुन्हा मोजायला द्या. हिशोबानं ४०.१ यायला हवेत, त्यांना ४०.५ च्या आसपास मिळतील. दोरा चौपट झाला आणि फरक मात्र ०.८ वरून ०.४ वर आला, असं का? त्यांना विचार करू द्या, एखादा तास गेला तरी चालेल. कुणीतरी गोळ्याकडे बोट दाखवेलच.

प्रतिसाद २

वह्यांत पेन वापरा. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. आणि मोजायच्या आधी प्रत्येकानं स्वतःचा अंदाज लिहायचा.

मेणबत्तीचं म्हणाल तर तो मुलगा जे बोलला तिथूनच सुरुवात करा. ग्लास पालथा घालताना आतली हवा तापून फुगते, काही वेळा कडेनं बुडबुडे सुटतानाही दिसतात. ज्योत विझली की हवा थंड होऊन आकसते, वाफेचं पाणी होतं, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. ज्योत विझते तेव्हा आत बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. आता तशाच ग्लासखाली दोन मेणबत्त्या लावा. ऑक्सिजन तेवढाच, पाणी मात्र जास्त चढेल. पुस्तकी वाक्य तिथंच अडेल.

आणि मुलांना जाँ रिशे या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाची गोष्ट जरूर सांगा. १६७२ मध्ये तो लंबकाचं घड्याळ घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या, विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला. पॅरिसला बरोबर चालणारं घड्याळ तिथं दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागं पडू लागलं. त्यानं तो फरक जसाच्या तसा नोंदवला. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आणि विषुववृत्तापाशी फुगीर आहे, हे मांडताना न्यूटननं या निरीक्षणाचा आधार घेतला.

धागालेखिका

दोघांचे मनापासून आभार. पट्टी लावून पाहिली, आम्ही गाठीपर्यंतच मोजलं होतं! माझ्याही ते लक्षात आलं नव्हतं.

काल १ मीटरचा दोरा दिला. ४०.५, ४०.४, ४०.६. या वेळी पेन होतं. बराच वेळ शांतता होती, मग मेणबत्तीवाल्या मुलानं गोळा हातात घेतला आणि विचारलं, "याच्या पोटातले दोन सेंमी आपण धरलेच नाहीत का?" पुढच्या वेळी त्याला वेगवेगळ्या आकाराचे गोळे करून पाहायचे आहेत. एकाच लंबकासाठी सर्वांत मोठा गोळा किती घ्यावा, म्हणजे हिशोब फार किचकट होणार नाही? कुणी करून पाहिलं असेल तर सांगा.