चिनी टपाल तिकिटं : दीड लाखात गुंतवणूक म्हणून काय घ्यावं?

पिंपळपान : स्वातंत्र्योत्तर भारताची तिकिटं जमवतो, त्यामुळे परफोरेशन (कडेची छिद्रं), वॉटरमार्क (कागदातली पुसट खूण), हिंज (तिकीट वहीत चिकटवायची कागदी पट्टी) या गोष्टी माहीत आहेत. चीन मात्र नवीन. दीड लाख रुपये आठ-दहा वर्षं अडकून पडले तरी चालतील. एक ऑनलाइन विक्रेता १९८०चं 'लाल माकड' हे चिनी तिकीट देतो म्हणतोय. लिलावात जेवढ्याला जातं त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शात. तज्ज्ञांचं अस्सलपणाचं सर्टिफिकेट नाही. घ्यावं का? आणि नसेल तर कुठून सुरुवात करावी? राहायला रत्नागिरीत आहे, तेव्हा दमट हवेचंही सांगा.

गोंदकागद : नका घेऊ. तिसऱ्या हिश्शात अस्सल लाल माकड कोणी विकत नाही, कारण त्याला कुठेही लगेच गिऱ्हाईक मिळतं.

हे तिकीट (कॅटलॉगमधला क्रमांक टी ४६) ८ फेनचं (फेन म्हणजे युआनचा शंभरावा भाग), ८०च्या शीटमध्ये छापलेलं, चित्रकार हुआंग योंगयू यांच्या चित्रावरून केलेलं. चीनच्या राशीमालिकेतलं पहिलं म्हणून मागणी प्रचंड, आणि म्हणून नकलाही प्रचंड. तपासायचं असं: माकडाचे केस कोरीव प्लेटवरून छापलेले आहेत. दिवा बाजूने, अगदी तिरका धरा आणि दहापट भिंगातून बघा. अस्सलमध्ये काळ्या शाईची प्रत्येक रेघ कागदावर किंचित उठलेली दिसते आणि तिची कड सलग असते. ऑफसेटच्या (सपाट छपाईच्या) नकलेत तेच केस सपाट दिसतात आणि रेघ बारीक ठिपक्यांत फुटते. मग गेजवर (छिद्रं मोजायच्या पट्टीवर) छिद्रं मोजा, दोन सेंटीमीटरमध्ये ११½ यायला हवीत. पण छिद्रं बरोबर आली म्हणून तिकीट अस्सल ठरत नाही. चांगल्या नकलेत तीही जमवलेली असतात.

अस्सल तिकिटावरही कारागिरी होते. वापरलेल्या तिकिटाचा शिक्का रसायनाने पुसतात, मागे नवीन गोंद चढवतात आणि मिंट (न वापरलेलं) म्हणून विकतात. यूव्ही दिव्याखाली पुसलेल्या जागी बहुधा डाग उमटतो. नवीन गोंद ओळखायला छिद्रांचे दात बघा. मूळ तिकिटाला आधी गोंद लागतो आणि मग छिद्रं पडतात, म्हणून दातांच्या टोकाला कागदाचे तंतू मऊ, मोकळे राहतात. नंतर चढवलेला गोंद तंतूंत झिरपून टोकं कडक करतो. बोटाला सुद्धा कळतं.

यांगत्झेकाठ : गोंदकागद यांच्याशी सहमत. आता कुठून सुरुवात करायची ते.

आधी कालखंड डोक्यात बसवा. १९४९ ते १९६७ स्मारक तिकिटं (कॅटलॉगमध्ये सी) आणि विशेष तिकिटं (एस). त्यानंतर १९७० पर्यंत सांस्कृतिक क्रांतीची डब्ल्यू मालिका, मग १९७३ पर्यंत एन, १९७४ ते १९९१ जे आणि टी, आणि १९९२ पासून वर्षवार क्रमांक. सी आणि एस तिकिटांच्या तळाशी संचाचा क्रमांक, संचात किती तिकिटं आणि त्यातलं हे कितवं, हे छापलेलं असतं. चिनी अक्षर वाचता आलं नाही तरी आकड्यांवरून संच पुरा आहे की नाही हे लगेच समजतं.

तुमच्या रकमेत माझं मत १९६० ते १९६४च्या एस संचांना. सोनमासे (एस ३८, १२ तिकिटं), शेवंती (एस ४४, १८), फुलपाखरं (एस ५६, २०), हुआंगशान पर्वत (एस ५७, १६), पिओनी (एस ६१, १५). छपाई देखणी आहे आणि चीनमधले लोक आजही यांनाच मागणी करतात, त्यामुळे विकताना खरेदीदार शोधत बसावं लागत नाही. सगळे नकोत. एकच, फार तर दोन संच, पण उत्तम अवस्थेतले. मिंट की शिक्क्याचे, हे चालू लिलावांचे निकाल बघून ठरवा.

पुरा संचच घ्या. फुलपाखरं आणि शेवंती एका दिवशी नव्हे, टप्प्याटप्प्याने आली. त्यामुळे अर्धे संच बाजारात खूप फिरतात, आणि भाव मात्र बहुतेक वरच्या किमतीच्या दोन-चार तिकिटांत असतो. 'एकच कमी आहे' म्हणून स्वस्तात मिळालेला संच पुरा करायला गेलात की पुऱ्या संचाइतकेच पैसे जातात.

पिंपळपान : फुलपाखरांचा एक संच पाहिला, मागे गोंद नाही. धुतलेला असेल का?

यांगत्झेकाठ : घाई करू नका. त्या काळात चीनने कितीतरी तिकिटं गोंदाशिवायच काढली. तिथे गोंद नसणं हा दोष नाही, उलट गोंद असला तर संशय घ्या. प्रत्येक संचासाठी कॅटलॉगमधली टीप बघा. भारतीय तिकिटांच्या सवयीने 'गोंद हवाच' असं धरून चाललं तर चांगला माल हातचा जातो आणि फसवा माल गळ्यात पडतो.

दुसरं, कोपऱ्यात अगदी नीटनेटका शिक्का आणि मागे अख्खा गोंद असं दिसलं तर ते सीटीओ. टपालात न वापरता शिक्का मारून परदेशी ग्राहकांना विकलेलं. खोटं नाही, पण मिंटचा भाव देऊ नका.

आणि १९५५चे पुनर्मुद्रण. १९४९ पासूनचे सुरुवातीचे स्मारक संच नंतर संग्राहकांसाठी सरकारनेच पुन्हा छापले. मूळ आणि पुनर्मुद्रण यांच्या भावात मोठं अंतर असतं. चित्रात बारीकसा फरक असतो, प्रत्येक संचात वेगळा, आणि कॅटलॉगमध्ये तो मोठा करून दाखवलेला असतो. पान उघडून ताडून बघितल्याशिवाय या संचांना हात लावू नका.

भोरकर : १९९२ नंतरचं काही गुंतवणूक म्हणून घेऊ नका. छपाई इतकी मोठी झाली की बरीच तिकिटं चीनमध्ये छापील किमतीच्याही खाली विकली जातात.

शिक्कामोर्तब : 'सारा देश लाल' (१९६८) कोणी दाखवलं तर दूर राहा. नकाशात तैवान लाल नाही हे ध्यानात आल्यावर ते तिकीट मागे घेतलं गेलं. जे थोडे नग बाहेर गेले तेच आज आहेत. तुमच्या रकमेत येणारं ते खोटंच असणार. ऑपेरा नट मेई लानफांगवरच्या १९६२च्या लघुपत्राचंही (एकाच तिकिटाचा छोटा छापील कागद, ३ युआन) तेच समजा, नकला फार आहेत.

सर्टिफिकेटबद्दल लिहायला हवं. तिकीट अस्सल आहे का हे तपासून देणाऱ्यांत लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीची तज्ज्ञ समिती, ब्रिटनचीच बीपीए ही संस्था, न्यूयॉर्कचं फिलाटेलिक फाउंडेशन ही सर्वत्र चालणारी नावं. पण नुसता कागद बघून समाधान मानू नका. सर्टिफिकेटवर तिकिटाचा फोटो असतो. तिकीट शेजारी ठेवून चारही कडा जुळवा: डाव्या कडेचा कितवा दात आखूड आहे, कोपऱ्यातला दात कसा तुटलाय, चित्र चौकटीत कुठल्या बाजूला सरकलंय. अस्सल तिकिटाचं सर्टिफिकेट नकलेसोबत विकणं हा जुना प्रकार आहे. दात जुळले नाहीत तर व्यवहार तिथेच थांबवा. आणि निकाल नीट वाचा. 'अस्सल' लिहिलेलं असतं, पण पुढच्या ओळीत 'पुन्हा गोंद चढवलेले' किंवा 'दुरुस्त केलेले' असतं. भाव त्या दुसऱ्या ओळीवर ठरतो.

दादरपूर्व : गुंतवणूक म्हणताय तर खर्चाचा हिशेब आधी करा, तो बहुतेक जण करत नाहीत.

समजा लिलावात शेवटची बोली १,००० वर थांबली. खरेदीदाराकडून लिलावगृह वर घेतं ते प्रीमियम २० टक्के धरा, तुम्हाला पडले १,२००. पुढे विकताना लिलावगृहाने १५ टक्के कापले तर १,००० च्या बोलीवर हातात येतात ८५०. म्हणजे नुसते १,२०० परत मिळायला बोली १,४१२ च्या आसपास जायला हवी. भाव ४१ टक्के वाढेपर्यंत तुम्ही तोट्यातच. यात टपालखर्च, विमा, आयातशुल्क आणि चलनातला फरक धरलेला नाही. जमवलेली तिकिटं कस्टम्सच्या ९७०४ या शीर्षाखाली येतात. पाकिटावर वर्णन आणि किंमत खरी लिहायला सांगा. किंमत कमी लिहिली तर हरवल्यावर विमा तेवढाच मिळतो आणि कस्टम्सलाही उत्तर द्यावं लागतं.

बाजार सरळ रेषेत चढत नाही. १९९७ ला चीनमध्ये तिकिटांचे भाव सट्ट्याने आकाशाला भिडले आणि कोसळले. २०१५च्या सुमारास तिकिटं-नाण्यांच्या इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजवर तोच खेळ झाला. दोन्ही वेळा जास्त भाजले ते शीट आणि गठ्ठे घेऊन बसलेले. म्हणून एकदम खरेदी नको, दोन वर्षांत चार-पाच वेळा विभागून घ्या.

कुठून? हाँगकाँगच्या लिलावगृहांत चिनी माल सगळ्यात जास्त आणि वर्णन तपशीलवार असतं. अटींत 'एक्स्टेंशन' आहे का बघा. बोलीआधी लेखी कळवलं तर तिकीट तज्ज्ञांकडे पाठवून निकाल विरुद्ध गेल्यास पैसे परत मिळतात. 'आहे तसे' म्हणून विकलेल्या लॉटला (एकत्र विकायच्या मालाला) ही सोय नाही.

गोंदकागद : रत्नागिरीच्या हवेसाठी: आर्द्रता ४५ ते ५५ टक्के हवी. छोटा हायग्रोमीटर घ्या. हवाबंद डबा, आत सिलिका जेल, रंग बदलला की तापवून परत वापरा. स्टॉकबुक (तिकिटं ठेवायची वही) उभी ठेवा. आडवी रचली की वजनाने गोंद पानाला चिकटतो. पीव्हीसीचे पाउच अजिबात नकोत, डांबराच्या गोळ्याही नकोत. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. पावसाळ्यात डबा उघडायचाच झाला तर कोरड्या, एसीच्या खोलीत. पिवळे-तपकिरी ठिपके एकदा पडले की भाव निम्म्याखाली जातो. बिनगोंदाचे संच तुमच्याकडे त्या मानाने सुखात राहतील, निवडताना हेही धरा.

शिक्कामोर्तब : हात बसवायला दोन स्वस्त गोष्टी. चीनमध्ये सेवा केलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यावर चीनने १९८२ मध्ये दोन तिकिटं काढली (जे ८३). सोलापूरच्या माणसाचा संच म्हणून संग्रहात असावाच, आणि किरकोळ भावात मिळतो. दुसरं, १९०० मध्ये चीनला गेलेल्या हिंदी फौजेसाठी ब्रिटिश इंडियाच्या तिकिटांवर 'सी. ई. एफ.' (चायना एक्स्पिडिशनरी फोर्स) छापलं गेलं. ही तिकिटं भारतातच जुन्या संग्रहांत सापडतात. सुट्ट्या तिकिटावर ती तीन अक्षरं खोटी छापणं सोपं आहे, म्हणून फील्ड पोस्ट ऑफिसच्या शिक्क्यासह अख्खं पाकीटच घ्या.

पिंपळपान : माकडाला नकार कळवला. आधी कॅटलॉग आणि यूव्ही दिवा, मग हुआंगशान किंवा फुलपाखरं. दिवा कुठला?

गोंदकागद : ३६५ नॅनोमीटरचा. ३९५चे स्वस्त टॉर्च घेऊ नका. त्यांचा जांभळा उजेड इतका असतो की डाग त्यात बुडून जातो. खोली पूर्ण अंधारी करा, आणि शेजारी त्याच संचाचं एक खात्रीचं, कमी भावाचं तिकीट ठेवून तुलना करा.