सीजे-३बी जीप, हरिकेन पेट्रोल इंजिन: व्हॅक्यूम १६ इंच म्हणजे टायमिंग रिटार्ड का?

पाचगणीकर:
माझ्याकडे महिंद्राची जुनी सीजे-३बी असून तिच्यात मूळचे हरिकेन पेट्रोल इंजिन अजूनही आहे. पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) आणि कंडेन्सर नवे बसवल्यापासून पसरणी घाट चढताना इंजिनात नॉकिंगची खटखट ऐकू येते. पाचगणीतच व्हॅक्यूम गेज (इंजिनाची हवा ओढण्याची ताकद पाऱ्याच्या इंचांत मोजणारा) लावून पाहिला, तेव्हा आयडलिंगला काटा १६ इंचांवर स्थिर होता. तो १७ ते २१ च्या दरम्यान हवा, म्हणजे टायमिंग रिटार्ड आहे (ठिणगी उशिरा पडते), असे सांगून मेकॅनिकने ते अ‍ॅडव्हान्स (लवकर) केले. त्यानंतर खटखट वाढलीच आहे. ते आणखी पुढे घ्यावे का?

घाटमाथा:
मुळीच घेऊ नये. १७ ते २१ हा आकडा समुद्रसपाटीचा आहे आणि उंची हजार फुटांनी वाढली की तो साधारण एक इंचाने उतरतो. पाचगणी सव्वाचार हजार फुटांच्या आसपास असल्याने तिथे १६ हे उत्तम रीडिंग झाले.

खरा संशय पॉइंट गॅपवर घ्यावा. गॅप जास्त राहिला तर पॉइंट लवकर उघडतात आणि डिस्ट्रिब्युटरला (सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या भागाला) हात न लावताही टायमिंग अ‍ॅडव्हान्स होते. त्यामुळे कॅमच्या टोकावर पॉइंट पूर्ण उघडे असताना फीलर गेजने ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर, गॅप आधी लावावा आणि टायमिंगकडे त्यानंतरच वळावे. हा क्रम उलटा केला तर सगळी मेहनत वाया जाते.

जुना पाना:
वरील मताशी सहमत आहे. या इंजिनाचे टायमिंग ५ अंश बीटीडीसी (पिस्टन सर्वांत वर पोहोचण्याआधी) आणि फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ आहे. टेस्ट लॅम्पची एक वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडील टर्मिनलला व दुसरी बॉडीला जोडून इग्निशन चालू करावे, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून प्लग काढावेत आणि पुढच्या हँडलने इंजिन सावकाश फिरवावे. पहिल्या सिलिंडरच्या कॉम्प्रेशनवर ५ अंशांची खूण इंजिनावरील स्थिर काट्यासमोर येते त्याच क्षणी दिवा लागला पाहिजे. खूण ओलांडली गेली तर हँडल किंचित उलटे फिरवून भागत नाही, कारण गिअरमधला ढिलेपणा मापात शिरतो; पुन्हा दोन फेऱ्या पूर्ण करूनच खुणेवर यावे. दिवा आधीच लागत असेल तर डिस्ट्रिब्युटरची बॉडी रोटर (त्यातला फिरता भाग) फिरतो त्याच दिशेने थोडी सरकवावी.

पाचगणीकर:
आभारी आहे. आज गॅप तपासला, तो ठरलेल्या मापापेक्षा बराच जास्त निघाला. मात्र रोटर काढून डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट आडवा हलवून पाहिला तर तो जाणवण्याइतका हलतो. तरीही टायमिंग लावून घ्यावे का?

जुना पाना:
आधी बुश (शाफ्टला आधार देणाऱ्या नळ्या) बदलावेत. शाफ्ट डुलत असेल तर गॅप प्रत्येक फेरीत बदलतो आणि टायमिंग लाइटखाली (ठिणगीबरोबर चमकणाऱ्या दिव्याखाली) खूण एका जागी ठरतच नाही. तोवर टायमिंग थोडे रिटार्ड ठेवून गाडी गावातल्या गावात चालवावी, कारण अ‍ॅडव्हान्स टायमिंगवर घाट चढवल्यास पिस्टनला धोका असतो.