बोअरचं पाणी उकळल्यावर कठीणता वाढली?

बारावी_सायन्स_यावल
सर, प्रोजेक्टसाठी शेतातल्या बोअरचं पाणी घेतलंय. ०.०१ मोलर ईडीटीए (कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून घेणारं रसायन), इंडिकेटर एरिओक्रोम ब्लॅक टी (कॅल्शियम-मॅग्नेशियम असेतो लालसर, सगळं बांधलं गेलं की निळा). कच्च्या पाण्याच्या ५० मिलीला २४.० मिली ईडीटीए लागलं. मग २५० मिली पाणी अर्धा तास उकळून गार केलं, वरचं ५० मिली घेतलं, तर २५.० लागलं! उकळल्यावर तात्पुरती कठीणता (बायकार्बोनेटची) जाते ना? शिवाय उकळलेल्या पाण्यात निळा रंग येऊन मिनिटाभरात परत लालसर होतो.

ब्युरेटवाला
उकळून पाणी किती उरलं ते मोजलंस का?

बारावी_सायन्स_यावल
हो सर, १६० मिली.

ब्युरेटवाला
मग घोळ तिथेच आहे. पाणी आटलं, पण कायम कठीणतेचे क्षार (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे सल्फेट, क्लोराइड) आटत नाहीत, ते दाट होतात. गार झाल्यावर गाळून डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा २५० मिली करायचं आणि मगच पिपेट लावायचं.

०.०१ मोलर ईडीटीएचा १ मिली म्हणजे १ मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेट. सॅम्पल ५० मिली, म्हणून रीडिंगला २० ने गुणायचं. कच्चं पाणी ४८० मिग्रॅ प्रति लिटर. उकळलेलं ५०० दिसतं, पण ते १६० मिलीतलं; २५० वर आणलं तर ५०० × १६० ÷ २५० = ३२०. म्हणजे कायम ३२०, तात्पुरती १६०. तरी हे कागदावरचं गणित झालं, प्रोजेक्टमध्ये नवीन रीडिंगच लिही.

तापीकाठ
त्यात एक भर. कॅल्शियमचं बायकार्बोनेट उकळल्यावर कार्बोनेट होऊन तळाला बसतं. मॅग्नेशियमचं कार्बोनेट मात्र त्यापेक्षा बरंच जास्त विरघळतं, थोडं पाण्यातच राहतं आणि कायममध्ये मोजलं जातं. म्हणून तात्पुरती 'किमान १६०' म्हणा.

रंग परततो तो न गाळल्यामुळे. वरवर नितळ दिसणाऱ्या पाण्यातही कार्बोनेटचे बारीक कण तरंगत असतात. ईडीटीए त्यांना हळूहळू विरघळवतं, सुटलेलं कॅल्शियम इंडिकेटरला धरतं आणि निळ्याचा परत लालसर होतो. त्यामुळे तुझं २५.० सुद्धा पक्कं नाही. फिल्टर पेपरमधून गाळ, चहाच्या गाळणीने भागणार नाही भो.

पातेल्याला पांढरा थर बसला असेल तर त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक अॅसिडचे दोन थेंब टाक. फसफसलं तर कार्बोनेट. केळीच्या ठिबकचे ड्रिपर चोंदतात तेही बहुतेक याच थराने, म्हणून तिथेही अॅसिड सोडतात. पातळ करताना अॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अॅसिडमध्ये नाही.

ब्युरेटवाला
कण बरोबर, माझ्याकडून राहिलं होतं. अजून बफरचं सांगतो. अमोनिया बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) १-२ मिली, पीएच १० च्या आसपास. तो टाकल्यावर पाच मिनिटांत टायट्रेशन (ब्युरेटमधून ईडीटीए सोडून मोजणं) उरकायचं. रेंगाळलास तर त्या पीएचला कॅल्शियम कार्बोनेट फ्लास्कमध्येच खाली बसू लागतं आणि रीडिंग कमी येतं. शेवटचे थेंब मात्र तीन-चार सेकंदांच्या अंतराने सोड, मॅग्नेशियम सावकाश सुटतं. जांभळ्यावर थांबू नकोस, लालसर छटा पूर्ण जायला हवी.

बारावी_सायन्स_यावल
डिस्टिल्ड वॉटर म्हणून बॅटरीचं पाणी चालेल का?

तापीकाठ
आधी तपास. ५० मिली घे, बफर आणि इंडिकेटर टाक. लगेच निळं झालं तर बिनधास्त वापर. लाल आलं तर दुसरी बाटली आण.