कॉलेजचं तुमच्यात काय उरलंय?

पदवीचा कागद फायलीत असेल किंवा हरवला असेल, तो विषय वेगळा. त्या तीन-चार वर्षांतलं आज कामात नेमकं काय उरलंय, ते लिहा. ‘खूप शिकायला मिळालं’ असलं मोघम नको. सुरुवात मीच करते.

मी रसायनशास्त्राची. टायट्रेशनमध्ये, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात थेंबथेंब सोडून प्रमाण मोजताना, फिनॉल्फ्थॅलिन या रंग बदलणाऱ्या द्रव्याची छटा जेमतेम गुलाबी दिसली की थांबायचं. माझा रंग दर वेळी गडद. एकदा कंटाळून तिसरं रीडिंग मनानंच लिहिलं. मॅडमनी वही पाहिली, मग ब्युरेट, म्हणजे द्रावण सोडायची मापाची नळी, पाहिली. “दोनदा बावीस मिली गेलं. ब्युरेट पन्नासची. पुन्हा भरलीस कधी?” ओरडल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. आज औषधांच्या गुणवत्ता तपासणीत आहे. आकडा जुळत नसेल तर न जुळणाराच लिहिते. त्यावरून वरिष्ठांशी दोनदा वाजलंय.

– – –

समाजशास्त्राला मार्क ग्रॅनोव्हेटरचा १९७३चा निबंध होता. नोकरीची खबर जिवलग मित्रांपेक्षा लांबच्या ओळखीतून येण्याचा संभव जास्त, कारण जिवलगांना बहुधा आपल्याला ठाऊक असतं तेवढंच ठाऊक असतं. परीक्षेपुरतं घोकलं. पुढे नोकरी गेली. मित्र हळहळले, रोज फोन करायचे. जागा रिकामी असल्याचं कळवलं मात्र कॉलेजच्या नाटकात प्रकाशयोजना बघणाऱ्या मुलीनं. पाच वर्षांत आमचं बोलणं नव्हतं!

– – –

माझं खरं सांगू? फार काही नाही. सकाळी हजेरी, दुपारपासून नोकरी. हिशेब तिथंच शिकले. कँटीनच्या आठवणी निघाल्या की मी गप्प बसते, कारण तिथं बसायला हाताशी वेळ असावा लागतो. पण अर्जात ‘पदवीधर’ अशी अट होती, त्या रकान्यापुरतं कॉलेज कामाला आलं. ते नाकारत नाही.

– – –

वरचं वाचून लिहावंसं वाटलं. माझी शाळेची भाषा एक, कॉलेजची दुसरी. पहिलं सत्र मागच्या बाकावर मान डोलावण्यात गेलं. समजल्यासारखा चेहरा कसा करायचा ते पक्कं जमलं होतं. आता मी शिकवतो. तसा चेहरा दिसला की थांबतो आणि तेच सोप्या शब्दांत पुन्हा सांगतो. अभ्यासक्रम मागे पडतो, बोलणीही खातो.

– – –

मेकॅनिकल करून भाषांतरात आलो. घरचे अजून विचारतात, चार वर्षं वाया का घालवलीस? पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा कानशीनं घासून काटकोनात आणायचा होता. गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावायचा, उजेडाकडे धरायचं, फटीतून उजेड आला की पुन्हा घासायचं. एक बाजू बसली की दुसरी बिघडे. आठवडाभर तेच. एकच वाक्य अकराव्यांदा बदलताना मला अजून वैताग येत नाही, तो बहुतेक तिथंच संपला.

– – –

कानसवाले, तो तुकडा आहे का अजून?

– – –

आहे की. कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवतो. एक कोपरा अजून तिरकाच आहे.